महामारी आणि आपले सणवार : सारंगखेड्याच्या यात्रेच्या निमित्ताने

मार्गशीर्षातील पौर्णिमा जवळ येऊ लागली म्हणजे खानदेशी माणसाचे चित्त तापीकाठच्या सारंगखेड्याकडे ओढ घेऊ लागते. शहादा तालुक्यातील हे गाव पूर्वी पश्चिम खानदेशात होते, पुढे धुळे जिल्ह्यात गणले गेले आणि 1 जुलै 1998 पासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. जिल्ह्यांची नावे बदलली. परंतु दत्तजयंतीस श्री एकमुखी दत्ताच्या दर्शनास जावयाचे आणि त्याच फेरीत घोडेबाजार पाहून यावयाचे, हा प्रघात काही बदलला नाही. या यात्रेस तीन शतकांहून अधिक काळाची परंपरा सांगितली जाते. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा नाना जातींची घोडी येथे ओळीने बांधलेली असतात. कोणी दात पाहून वय ठरवितो, कोणी चाल पारखतो, कोणी अंगावरील भोवरे पाहून शुभाशुभ सांगतो. अबलख, कुमैत, नुकरा, पंचकल्याणी हे शब्द येथे लहान मुलांच्याही तोंडी असतात. एकीकडे नवस फेडणाऱ्यांची रांग, दुसरीकडे शेव-जिलेबीच्या दुकानांची रांग, पलीकडे पाळणे आणि रात्री तमाशाचे फड, असा हा सोहळा आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

तोच सोहळा 2020 साली झाला नाही. त्या वर्षी दत्तजयंती 29 डिसेंबर रोजी आली. पौर्णिमेचा चंद्र तापीच्या पात्रावर नेहमीप्रमाणे उगवला; परंतु बाजाराच्या मैदानात एकही खुंट ठोकलेला नव्हता. कोरोनाच्या साथीमुळे यात्रा भरली नाही आणि घोडेबाजारही भरला नाही. त्यानंतर आमच्या ज्ञातीतील एका तरुणाने मंडळाच्या बैठकीत विचारले, ‘‘इतक्या वर्षांची परंपरा मोडली, असे आता म्हणावयाचे काय?’’ त्या वेळी बैठकीतील वडीलधाऱ्यांपैकी कोणासही समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, उत्तर देण्याचा आमचा अल्पसा प्रयत्न होय.

पंचांगाच्या पानांवर उमटलेली साथ

या महामारीची हकीकत सरकारी कागदांत रुग्णांच्या आकड्यांनी लिहिली गेली आहे. आमच्यासारख्या संसारी माणसांच्या मनात मात्र ती सणावारांच्या तिथींनी कोरली गेली आहे, आणि तिथी व घटना यांचा मेळही विलक्षण बसला आहे. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले तो दिवस 9 मार्च 2020, म्हणजे होळीचा. देशभर टाळेबंदी सुरू झाली तो पहिला दिवस 25 मार्च, म्हणजे गुढीपाडव्याचा. त्या सकाळी घरोघर गुढी उभारली गेली खरी. पण साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत म्हणून कित्येक घरी गुळाचा खडा बांधून वेळ साजरी केली गेली.

त्यानंतर महिन्याभराने, 26 एप्रिल रोजी, आखाजी आली. अक्षय्य तृतीया हा सण अवघ्या महाराष्ट्रात आहे. परंतु खानदेशात आखाजीस जे स्थान आहे त्याची कल्पना बाहेरच्या माणसास सहसा येत नाही. दिवाळीइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, मान या सणास आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची अहिराणी गाणी होतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस यांची पंगत बसते. शेतकऱ्याच्या घरी जुन्या सालदाराचे साल याच दिवशी संपते आणि नवे साल ठरते. आणि या सर्वांच्या आधी पितरांच्या नावे पाण्याची घागर भरली जाते. तिच्यावर डांगर व आंबे ठेवून पूर्वजांचे स्मरण केले जाते. अर्थात हा सण जिवंतांच्या भेटीचा आहे तसाच मृतांच्या तृप्तीचाही आहे.

त्या वर्षी जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत. पुढील वर्षी, 14 मे 2021 रोजी, आखाजी आली तेव्हा दुसरी लाट भरात होती आणि प्रवासावर पुन्हा बंधने होती. लागोपाठ दोन आखाज्या माहेराविना गेल्या. आमच्या परिचयाच्या एका मातोश्रींनी दोन्ही वर्षी अंगणातील निंबास झोका मात्र न चुकता बांधला. ‘‘पोर नाही आली तरी झोक्याला काय ठाऊक?’’ असे त्या म्हणत. संध्याकाळी त्यांची कन्या शेजारच्या जिल्ह्यातून मोबाइलवर गाणे म्हणे आणि या रिकामा झोका हलवीत ऐकत बसत. परंपरा जतन करणे म्हणजे काय, यावर मोठमोठी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. परंतु या झोक्याने जे सांगितले ते त्यांत क्वचितच आढळले.

आषाढीची गोष्ट सर्वविदित आहे. 2020 साली पायी वारी झाली नाही. आळंदी, देहू, आणि आपल्या खानदेशातील मुक्ताईनगर येथून संतांच्या पादुका एस.टी. बसमधून मोजक्या वारकऱ्यांसह पंढरीस गेल्या आणि 1 जुलै रोजी एकादशी साजरी झाली. 2021 सालीही पादुकांचा प्रवास बसनेच झाला. गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्ती चार फूट व घरगुती मूर्ती दोन फूट अशी मर्यादा घातली गेली. मुंबईच्या लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसविता रक्तदानाचा व आरोग्याचा उत्सव केला. श्रावणात आमच्या घरोघर कानबाई बसली. परंतु रोटांच्या प्रसादास जी भाऊबंदकी एका ओसरीवर जमावयाची ती आपापल्या उंबरठ्याआड राहिली. 2020 साली आश्विन अधिक आल्याने पंचांगानेच नवरात्र एक महिना पुढे नेले, आणि पहिल्या लाटेचा कहर झाला तो नेमका त्याच सुमारास. मंदिरांची दारे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी घटस्थापनेस पुन्हा उघडली. त्याच्या आदल्याच दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, हे आमच्या स्मरणातून जात नाही.

पूर्वीच्या साथी आणि त्यांतून जन्मलेले सण

आता इतिहासाकडे वळू. साथींनी सण थांबविले, एवढेच खरे नाही. साथींनी सण निर्माणही केले आहेत. गावाच्या वेशीबाहेर मरीआईचे ठाणे असते ते पटकीच्या भयातून आलेले आहे. गावावर रोग आला म्हणजे मरीआईचा गाडा वाजत-गाजत शिवेपार नेण्याचा विधी पुष्कळ गावी होता. शीतला सप्तमीस चूल न पेटविता आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खाण्याचा नेम आहे. ही शीतला म्हणजे देवीच्या रोगाची अधिष्ठात्री. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण 1975 साली आढळला आणि 1980 साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. हे घडले ते लसीमुळे, व्रतामुळे नव्हे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तथापि रोग गेला आणि व्रत राहिले. ज्या माउल्यांनी तापाने फणफणलेल्या लेकरांच्या उशाशी रात्री काढल्या, त्यांच्या भयाचे आणि धीराचे ते व्रत म्हणजे स्मारक होय, असे आम्ही समजतो.

यात्रांचा आणि रोगांचा संबंधही जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरसारख्या मोठ्या यात्रांतून परतणाऱ्या माणसांबरोबर पटकी गावोगाव पोहोचत असे. पुढे 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा अमलात आला. 2020 च्या मार्चात महाराष्ट्रात जो कायदा लागू करण्यात आला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. प्लेगच्या काळात घरे तपासताना पुण्यात गोऱ्या सैनिकांनी देवघरे आणि माजघरे यांची जी विटंबना केली तिचा क्षोभ होऊन 22 जून 1897 रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा इतिहास प्रत्येक विद्यार्थी जाणतो. त्यातून घ्यावयाचा बोध मात्र क्वचित सांगितला जातो. त्याच प्लेगमध्ये लक्षावधी लोकांनी आपण होऊन गावे सोडली, शेतांत झोपड्या बांधल्या आणि महिनोन्‌महिने तेथे काढले. निर्बंध उर्मटपणे लादला की लोक पेटून उठतात. तोच निर्बंध आपल्या विवेकाने स्वीकारला की लोक तो निमूटपणे पाळतात. शेतातील त्या झोपड्यांतही तुळशीचे रोप कुंडीत नेलेले असे आणि देव टोपलीत.

त्यानंतर आली 1918 सालची इन्फ्ल्युएंझाची साथ. आपल्याकडे तिला ‘मानमोडी’ म्हणत. आश्विनाच्या आरंभी, 6 ऑक्टोबर 1918 या एकाच दिवशी, मुंबई शहरात 768 माणसे तिला बळी पडली. हिंदुस्थानात एकंदर सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. तशी घट त्यानंतर कोणत्याही दशकात झालेली नाही.

इतका मोठा प्रलय होऊन गेला. पण त्याचे आमच्याजवळ काय उरले? ही स्मरणिका सिद्ध करताना आम्ही आमच्या ज्ञातीतील जुन्या घरांच्या पेट्या धुंडाळल्या. जमाखर्चाच्या वह्या मिळाल्या, लग्नाच्या याद्या मिळाल्या, बैलजोडीच्या खरेदीचे कागद मिळाले. मानमोडीबद्दल एक ओळही मिळाली नाही. वंशावळीत मात्र ती दिसते. एकाच पिढीतील तीन-तीन भावांच्या नावांपुढे वंश खुंटलेला आढळतो, आणि विचारले तर ‘‘ते मानमोडीत गेले’’ एवढेच उत्तर मिळते. त्या वर्षी त्या घरांनी दसरा कसा केला, दिवा कोणी लावला, दहनास कोण गेले, हे सांगणारे आता कोणी नाही. आमच्या पूर्वजांनी तो काळ सोसला, परंतु लिहून ठेवला नाही. सोसणे हा त्यांचा धर्म होता; लिहून ठेवणे हा आमचा धर्म आहे, असे आम्हांस वाटते.

खंड पडणे म्हणजे मोडणे नव्हे

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. परंपरेत खंड पडला म्हणजे ती मोडली काय?

आमचे नम्र मत असे की, ज्या परंपरेस थांबावयाचे कसे हे ठाऊक नाही ती फार काळ चालतच नाही. आपल्या वाडवडिलांनी सण करण्याचे नियम घालून दिले, तसेच सण न करण्याचेही घालून दिले आहेत. घरात सुतक असेल तर देवपूजाही दुसऱ्याकडून करवून घ्यावी. भाऊबंदकीत मृत्यू झाला तर त्या वर्षीचा सण साजरा करू नये. ऐन सणाच्या दिवशी घरी मृत्यू घडला तर तो सण त्या घरापुरता ‘मोडला’ असे समजावे. परंतु एवढ्यावर थांबून चालले नसते. म्हणून वाडवडिलांनी पुढची सोयही करून ठेवली : त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मले किंवा गोठ्यात गाय व्याली, तर मोडलेला सण पुन्हा धरावा. या रूढीत जे शहाणपण आहे त्याकडे आम्ही आजवर पुरेसे पाहिले नाही. दुःखास त्याचा अवकाश द्यावा, आणि नव्या जिवाच्या निमित्ताने आनंदास पुन्हा घरात बोलवावे, हा तिचा अर्थ. 2020 व 2021 ही वर्षे म्हणजे सबंध समाजास पडलेले सुतकच होते. त्यात यात्रा न भरणे हा परंपरेचा भंग नव्हता. ते तिचे पालनच होते.

असे मानणारे आपण एकटेच नाही. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात ओबरआमरगाऊ नावाचे एक डोंगरी खेडे आहे. 1633 साली तेथे प्लेग आला असता गावकऱ्यांनी नवस केला की, हे संकट टळले तर आम्ही ठरावीक वर्षांनी येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाटक करू. दर दहा वर्षांनी होणारा तो प्रयोग 2020 साली ठरला होता. साथीतून जन्मलेला नवस साथीमुळेच पुढे ढकलावा लागला, आणि 2022 साली तो फेडला गेला. मक्केची हज यात्राही 2020 साली सौदी अरेबियात आधीच राहत असलेल्या मोजक्या यात्रेकरूंपुरती मर्यादित करण्यात आली. देव निराळे, भाषा निराळी. पण सर्वत्र विवेक एकच दिसून आला.

आणि आपण तर दत्ताचे उपासक! श्रीदत्तात्रेयांनी चोवीस गुरू केल्याची कथा भागवताच्या एकादश स्कंधात आहे. त्यांतील एक गुरू म्हणजे एक साधी कुमारिका. घरी पाहुणे आले असता ती आत भात कांडू लागली, तेव्हा हातातील कांकणे किणकिणू लागली. तिने एकेक कांकण उतरविले; दोन उरली तरीही आवाज होईना का, म्हणून अखेर प्रत्येक हातात एकच ठेवले. आवाज थांबला, कांडण मात्र चालूच राहिले. अनेक एकत्र आले की कल्लोळ होतो, हा बोध दत्तांनी तिच्यापासून घेतला. 2020 च्या दत्तजयंतीपूर्वीच्या सप्ताहात आमच्यापैकी अनेकांनी गुरुचरित्राचे पारायण आपापल्या घरी, एकट्याने केले. समाप्तीस पंगत नव्हती, पालखी नव्हती, घोड्यांच्या टापा नव्हत्या. परंतु हातात एक कांकण होते आणि कांडण थांबले नव्हते.

यात्रेचा दुसरा अर्धा भाग

येथपर्यंत जे लिहिले ते देवकार्यापुरते झाले. एवढ्यावर समाधान मानून लेखणी खाली ठेवली तर मात्र आमच्या हातून अर्धसत्य लिहिले जाईल. यात्रेचे दोन भाग असतात : एक नेम आणि दुसरा मेळा. नेम एकट्यास पाळता येतो. मेळा पाळता येत नाही. आणि हजारो गरिबांची चूल नेमावर नव्हे, मेळ्यावर पेटते.

घोड्याचा बाजार बंद राहिला म्हणून घोड्याचा चंदी-चारा बंद होत नाही. वर्षभर जनावर पोसून मार्गशीर्षात विकावयाचे, या हिशेबाने चालणाऱ्या माणसास एक बाजार चुकणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. त्यातच लग्नांस पन्नास माणसांची, पुढे पंचवीस माणसांची मर्यादा आली. वरातीचे घोडे दारात उभे राहिले आणि बँडवाल्यांची वाद्ये खुंटीस टांगली गेली. नालबंद, खोगिरे व लगाम विकणारे, झुली शिवणारे, पाळणेवाले, हलवाई, घोंगड्या विकणारे, भांडीवाले, या सर्वांचे वर्ष यात्रांच्या साखळीवर बेतलेले असते. एक कडी निखळली तर दुसरीने सावरता येते. येथे सारी साखळीच गळून पडली. तमाशाच्या फडांवर तर उपासमारीची वेळ आली. ज्या कलावंतांच्या ढोलकीवर आम्ही उभ्या रात्री जागविल्या, त्यांची त्या दोन वर्षांत आम्ही किती विचारपूस केली, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनास विचारावा.

म्हणून आमचे म्हणणे असे की, यात्रा रद्द होणे योग्यच होते. परंतु ज्यांचे तिच्यामुळे नुकसान झाले त्यांचा भार त्यांच्यावरच टाकून आम्ही मोकळे झालो, हे योग्य नव्हते. देवाची दक्षिणा चुकली तर आपण पुढच्या वर्षी दुप्पट वाहतो. पाळणेवाल्याची आणि नालबंदाची दक्षिणा मात्र चुकली ती चुकलीच.

आमच्या हातून घडलेल्या चुकीचाही उल्लेख येथे केला पाहिजे. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीचे गुणच गावयाचे असतात, असा एक समज आहे. तो आम्हांस मान्य नाही. 2021 च्या वसंतात, मर्यादा ठाऊक असूनही, आमच्यातील एका घरी लग्नाची पंगत नेहमीच्याच थाटाने उठली. ‘‘लोक काय म्हणतील’’ या एका वाक्यापुढे सर्वांचा विवेक नमला. पुढील पंधरवड्यात त्या घरातील वडील माणूस गेले, आणि पंगतीस आलेल्यांपैकीही काही गेले. त्या घराचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. त्या पंगतीस नको म्हणण्याचे धैर्य आमच्यापैकी एकासही झाले नाही. म्हणून ती चूक आम्हा सर्वांची आहे.

खांदा

ज्ञाती कशासाठी असते? विवाह जुळविणे, विद्यार्थ्यांस साह्य करणे, धर्मशाळा बांधणे ही सारी नंतरची कामे होत. ज्ञातीचे पहिले आणि अखेरचे काम एकच : मेलेल्यास खांदा देणे. भांडण असो, वाटणीचा दावा चालू असो, वर्षानुवर्षे बोलणे बंद असो; मृत्यूची बातमी आली की भाऊबंद उपरणे घेऊन निघतो. या एका बंधनावर आपला समाज उभा आहे.

2020-21 साली हेच बंधन तुटले. आमच्या ज्ञातीतील किती माणसे खांद्यावाचून गेली! दवाखान्यातून थेट स्मशानात. मुखदर्शन नाही, अंगावर घरचे वस्त्र नाही, दहाव्यास घाटावर दोन माणसे. एका बंधूंचे पिताजी गेले तेव्हा ते स्वतः रोगाने अंथरुणास खिळले होते. अग्नी दिला तो स्मशानात नेमलेल्या कामगारांनी. बरे झाल्यावर हे बंधू त्यांस भेटावयास गेले. त्यांस काही द्यावे म्हणून हातात पाकीट नेले होते. कामगारांनी ते घेतले नाही. ‘‘आम्ही तुमच्या बापाला राम म्हटलं होतं बरं का,’’ एवढेच ते म्हणाले. आमच्या बंधूंनी त्यांची नावे विचारून घेतली. आडनावावरून जात कळली. आणि ती कळताच, आजवर आपल्या पंगतीत आपण या लोकांस कोठे बसविले होते, या विचाराने आपली मान खाली गेली, असे त्यांनीच आम्हांस सांगितले.

या साथीत काही लोक म्हणू लागले होते की, पाहा, पूर्वजांचे सोवळे-ओवळे किती शास्त्रीय होते! आमच्या मते हा विचार इतिहासासही धरून नाही आणि धर्मासही नाही. रोगापासून काही दिवस अंतर राखणे निराळे आणि माणसास जन्मभर दूर ठेवणे निराळे. पहिल्यात दुसऱ्याच्या जिवाची काळजी आहे; दुसऱ्यात त्याच्या जिवाचा अपमान आहे. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील रोगी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांनी देह ठेवला. अंतर कोणापासून राखावे आणि कोणापासून राखू नये, हे त्या माउलीच्या पाठीने सांगून ठेवले आहे. आमच्या मृतांस परक्यांनी खांदा दिला. तेव्हा त्यांस परके म्हणण्याचा आमचा अधिकार त्याच क्षणी संपला, असे आम्ही समजतो.

ते बंधू आता दर आखाजीस दोन घागरी भरतात. एक पितरांची. दुसरी लहान घागर कोणाची, असे नातवंडांनी विचारले म्हणजे ते पित्यास अग्नी देणाऱ्यांची गोष्ट सांगतात, आणि संध्याकाळी त्या घागरीवरील आंबे त्या कामगारांच्या घरी स्वतः पोहोचवितात. हयात माणसांच्या नावे घागर भरावी काय, अशी शंका एका शास्त्रीबुवांनी काढली होती. त्यावर ते म्हणाले, ‘‘घागर पितरांची नाही, ऋणाची आहे.’’

उपसंहार

तात्पर्य, परंपरा मोडली काय, या प्रश्नास आमचे उत्तर असे : यात्रेत खंड पडला, परंपरेत पडला नाही. जेथे घरी राहून नेम पाळला गेला तेथे परंपरा राहिली. जेथे दिमाखासाठी पंगत उठली तेथे सण झाला, परंपरा बुडाली. आणि जेथे परक्या हातांनी आमचे कर्तव्य केले, तेथे परंपरा आमच्या घरातून निघून त्यांच्या घरी वस्तीस गेली. ती तेथून सन्मानाने परत आणावयाची असेल तर आधी त्या घराचा उंबरठा आपणांस चढावा लागेल.

यासाठी ज्ञातिबांधवांस आमची एक विनंती आहे. मंडळाने एक नोंदवही सुरू करण्याचे ठरविले आहे. प्रत्येक घराने तीत तीन गोष्टी लिहाव्यात : त्या दोन वर्षांत आपल्या घरातून कोण गेले व कोणत्या तिथीस गेले, त्या काळात आपण आखाजी, कानबाई, पोळा, दिवाळी आणि दत्तजयंती कशी केली, आणि त्या दिवसांत आपल्या घरी डबा, औषध, खांदा वा अग्नी कोणी दिला, त्याचे नाव. तिसरा रकाना कोणी कोरा ठेवू नये. ज्यांची तिथी कोणास ठाऊक नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे. ज्यांचे उपकार कोणी लिहिले नाहीत त्यांच्यासाठी निदान एक वही असावी. मानमोडीच्या वर्षाबद्दल आम्ही आमच्या आजोबांस विचारू शकलो नाही. शंभर वर्षांनी आमची पणतवंडे आम्हांस विचारतील, तेव्हा त्यांस केवळ खुंटलेली वंशावळ दिसू नये.

मार्गशीर्षात तापीकाठी पुन्हा खुंट ठोकले जातील, घोडी खिंकाळतील, पाळणे फिरतील. त्या गर्दीत उभे असता, जो मेळा दिसतो आहे त्यामागे रिकाम्या मैदानाची एक पौर्णिमा उभी आहे, हे आपण विसरू नये. श्री एकमुखी दत्त आपणा सर्वांस आनंदाच्या काळी एकत्र येण्याची आणि संकटाच्या काळी दूर राहूनही एकत्र असण्याची सद्बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना. अस्तु.